उंटाच्या घरातलं प्यादं

बुकित बातोकमधल्या आमच्या कम्युनिटी क्लबात, भर सामन्यात मी हात वर केला आणि समोरच्या अंकलनी फसवणूक केली म्हणून तक्रार केली. त्याला आता वर्ष होत आलं. राग अजून ओसरलेला नाही, फक्त तो कोणावर आहे ते बदललं.

बुद्धिबळ मला लहानपणी पुण्यात बाबांनी शिकवलं होतं. लग्न, नोकरी, सिंगापूर या सगळ्यात ते सुटलं ते सुटलंच. सेहेचाळिसाव्या वर्षी क्लबातला बोर्ड दिसला आणि मी जाऊन बसले. पहिल्याच दिवशी कळलं, की प्यादं सुरुवातीला दोन घरं जाऊ शकतं. आमच्या घरी ते एकच घर जायचं. आमचा राजा एकदा घोड्याची उडी मारायचा. इथे त्याऐवजी कॅसलिंग होतं, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल. तेही शिकले. आता सगळे नियम आले, असं मी समजून चालले. क्लबात शिकवायला एक निवृत्त चिनी शिक्षिका येतात, त्यांना सगळे टीचरच म्हणतात. प्रत्येक डावातल्या प्रत्येक चालीपुढे 'का' ते आपल्या हाताने वहीत लिहायचं आणि मगच कॉम्प्युटरला विचारायचं, हा त्यांचा शिरस्ता.

दुसऱ्या क्लबांशी खेळायला आमचा चौघांचा संघ जाणार होता. तिघं ठरले होते. चौथी जागा त्या दिवशी जो जिंकेल त्याची, मी किंवा ते अंकल. ती जागा मला हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. शाळेत, कॉलेजात, ऑफिसात, कुठल्याच खेळाच्या संघात माझं नाव कधी लागलं नव्हतं.

आणि मी जिंकत होते. माझं एक प्यादं उंटाच्या पट्टीत शेवटच्या घरापासून एकच पाऊल लांब होतं. वाट मोकळी होती. शेजारी वजिराच्या पट्टीत दुसरं प्यादं, त्याला अजून तीन चाली लागणार होत्या. मी ते दुसरं हाकत बसले. तेवढ्यात अंकलचं प्यादं खाली माझ्या घोड्याच्या मूळ घरात उतरलं आणि त्यांनी शांतपणे तिथे वजीर ठेवला. मी हात वर केला तो तेव्हा.

"टीचर, हे घोड्याचं घर आहे. इथे घोडाच मिळतो!"

अंकल माझ्याकडे बघतच राहिले. टीचर आल्या, बोर्ड बघितला आणि हळूच म्हणाल्या, "नो लाह. एनी स्क्वेअर, यू कॅन टेक क्वीन."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. पुढे त्या नव्या वजिराने शहावर शह देत माझी दोन्ही प्यादी उचलली. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि वर चारचौघांत एका सरळ माणसाला लबाड म्हणून बसले. अंकलची मी माफी मागितली. ते म्हणाले, "नेव्हर माइंड, आंटी." त्यांनी चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वही घेऊन बसले. बत्तिसावी चाल, जिथे मी दुसरं प्यादं हाकायला लागले. 'का?' खूप वेळ पेन हातात धरून शेवटी लिहिलं : 'कारण उंटाच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा उंटच होतो, वजीर व्हायचं तर वजिराच्या किंवा राजाच्या घरात पोचावं लागतं, असं बाबांनी शिकवलं.' मग डाव कॉम्प्युटरला दाखवला. बत्तिसाव्या चालीपर्यंत त्याच्या मते मी जिंकलेलीच होते. ते एक पाऊल टाकायचं, बस्स.

संध्याकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबा दुपारची झोप काढून चहा घेत होते. मला वाटलं, त्यांनाही हे नियम ठाऊक नसणार. जुनी माणसं, घरोघरी असंच खेळायची. सगळं ऐकून ते हसले.

"अगं, ते आपले घरचे नियम. स्पर्धेत तसं नसतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! दादाला शाळेच्या स्पर्धेला न्यायचो ना मी. त्याला सगळं पुस्तकातून शिकवलं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच घरात, एकाच पटावर, दोन मुलांना दोन खेळ! आणि दादा तर कंटाळून आठवीतच सोडून मोकळा झाला.

"मग मला का नाही शिकवलंत?"

"तुला कुठे स्पर्धेला जायचं होतं?"

"मला कोणी विचारलं होतं?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू दादापेक्षा चांगली खेळायचीस. खरे नियम शिकवले असते तर जिंकत गेली असतीस. मग आज नाशिक, उद्या कोल्हापूर. मुलीला घेऊन कोण हिंडणार होतं?"

बाबा विसरले असते, चुकले असते, तर मी सोडून दिलं असतं. पण हे त्यांनी ठरवून केलं होतं, माझा खेळ चांगला आहे हे नीट बघून. वय वर्षं एक्क्याऐंशी, त्यांच्यावर ओरडायचं तरी कसं? तरी ओरडलेच. त्यांनी ऐकून घेतलं.

"बोर्ड काढा," मी शेवटी म्हणाले.

त्यांनी तोच जुना पट काढला. मी इथे माझा मांडला. चाली तोंडाने सांगायच्या आणि दोघांनी आपापल्या बोर्डावर करायच्या. दीड तास खेळलो. बाबा अजूनही चिवट आहेत, सहज काही दिलं नाही त्यांनी. पण माझं एक प्यादं सुटलं आणि उंटाच्या घरात जाऊन पोचलं.

स्क्रीनवर त्यांचा हात बाजूला काढलेल्या सोंगट्यांकडे गेला आणि सवयीने त्याने उंट उचलला.

"उंट नाही, बाबा," मी म्हणाले. "वजीर ठेवा."