देवापुढची माती

बीड शहर चौसाळ्याच्या रस्त्याने सरकत सरकत त्या शेताच्या बांधाला येऊन टेकलं होतं. शेजारच्या रानात प्लॉटिंगचे दगड रोवलेले. रासायनिक खतं सोडलेल्या शेतांची माती तपासायची, हे माझं काम. इथल्या काकूंनी खतं बंद केली तेव्हा काकांनी बजावलं होतं, "तीन वर्सं तुझ्या मनासारखं कर. मातीत फरक न्हाई दिसला, तर आपलं रानबी प्लॉटिंगला."

तिसऱ्या वर्षी नमुना घ्यायला निघाले आणि स्कूटी पंक्चर झाली. दोन तास उशीर, डोकं तापलेलं, पुढे अजून दोन गावं. काकूंनी माती आधीच काढून, चाळून पिशवीत बांधून ठेवली होती. एरवी मी कुणी काढून ठेवलेली माती घेत नाही. शेतभर नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती स्वतः काढते. त्या दिवशी पिशवी उचलली आणि चालू पडले.

अहवाल बघून मीच हरखले. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा खरा कस, भरपूर! सही ठोकून कागद दिला. काकांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग रान." काकूंनी माझे दोन्ही हात धरले, मलाही भरून आलं.

पेरणीआधी पुन्हा गेले. बांधावरून चालताना काकूंनी कोपऱ्यातल्या म्हसोबाला हात जोडले. "माती हितलीच दिलती तुमाला. देवापुढची. पाव्हण्याला चांगलंच द्यावं की."

त्या कोपऱ्यात कधी नांगर लागला नव्हता, खताचा दाणा पडला नव्हता. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा आणि निवद तिथेच कुजत आलेला. "काकू, असं कसं केलंत?" मी ओरडलेच. काय चुकलं तेच त्यांना कळेना.

लगेच शेतभर फिरून मी माती काढली. फरक होता, पण जेमतेम. तीन वर्षांत माती एवढीच सुधारते, हे मला ठाऊक. तो दुसरा कागद चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग आधी काकूंना सांगितलं.

त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "पयल्या कागदावर सही तुमचीच हाय ना?"

"हो."

"न बघताच केली?"

मग काकांपुढे तो दुसरा कागद धरला आणि सांगितलं की पहिला चुकला, पण माती खरंच सुधारतेय, अजून थोडी वर्षं द्या. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

"पयला खोटा निघाला मॅडम. ह्यो कावून खरा मानायचा?"

दिवाळीनंतर त्या रस्त्याने गेले, तर काकूंच्या रानात प्लॉटसाठी चुन्याच्या रेघा आखलेल्या होत्या. माती सुधारत होती, आणि ते सांगायची माझी पत मीच घालवली होती.