रंजितानं बदललेले आकडे

सुका जवळा निम्माच निवडून झाला होता. निवडलेला सुपात, राहिलेला परातीत, आणि रंजिताच्या गुडघ्यावर फिजिक्सची प्रश्नपत्रिका. बारावीचा निकाल आदल्या दिवशी लागला होता. लेक समृद्धी बाकी विषयांत तरली आणि फिजिक्समध्ये राहिली. विचुंब्याच्या त्या घरात रात्री जेवण रांधलं गेलं, पण जेवलं कुणी धड नाही.

रंजिताला एकच गोष्ट कळत नव्हती, की पोरगी नापास झालीच कशी. अभ्यास तर तिनं स्वतः घेतला होता.

बाई सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचायची, आकडे मात्र सरसर. पण पाठांतर असं, की लहानपणी माहेरी शिरढोणला सप्ताह बसला म्हणजे पोथीचा अख्खा अध्याय न बघता म्हणायची आणि म्हाताऱ्या बायका तिची दृष्ट काढायच्या. सासरी आली, संसारात बुडाली, तरी पहाटे देवापुढे बसली की एक ओवी इकडची तिकडे होत नसे. तिच्या लेखी शिकणं म्हणजे पाठ करणं. समृद्धी मराठी शाळेतनं दहावी झाली आणि कॉलेजात सगळं एकदम इंग्रजीतनं अंगावर आलं, तेव्हा मायलेकींनी हीच वाट धरली. लेक गाईडमधली उदाहरणं म्हणायची, आई गाईड धरून ओळीवरनं बोट फिरवायची. दोरीला बांधून गरगर फिरवलेला दगड, वळणावर एका बाजूनं उचललेला रस्ता, स्प्रिंगला टांगलेलं वजन. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेला जाताना समृद्धीला सगळं गाईड येत होतं, आणि रंजितानं देवाला पेढे कबूल केले होते.

"तू पेपरात काय लिवलंस ते म्हण," ती आता म्हणाली.

समृद्धी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुसऱ्यांदा सांगितल्यावर उठून बसली आणि म्हणू लागली. रंजिताचं बोट प्रश्नावरनं सरकत होतं, ते मधेच थांबलं. प्रश्नात दगड दोन मीटरच्या दोरीला बांधलेला होता. पोरीच्या तोंडी दोरी एकच मीटरची आली. रंजितानं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा एकच मीटर. तिनं फळीवरचं गाईड काढलं, पान उघडलं. गाईडमध्ये एक मीटर होती. पुढच्या प्रश्नात रस्त्याच्या वळणाचं तेच झालेलं, त्याच्या पुढच्यात स्प्रिंगचं तेच.

पोरीनं पेपर सोडवला नव्हता, गाईड म्हणून दाखवलं होतं. आणि ते तिला असं म्हणायला कुणी शिकवलं, हे विचारायची गरज नव्हती. मांजर येऊन परातीपाशी बसलं तरी रंजिताला भान नव्हतं.

संध्याकाळी आनंदा, समृद्धीचा बाप, डंपरवरनं घरी आला तो विषय ठरवूनच आला. शिरढोणच्या दीनानाथनं, म्हणजे रंजिताच्या थोरल्या भावानं, एक स्थळ आणलं होतं. मुलाच्या स्वतःच्या दोन गाड्या बंदरावर चालत होत्या. घर चांगलं, माणसं ओळखीची. समृद्धीला मात्र पनवेलला लॅबचा कोर्स करायचा होता, रक्त-लघवी तपासायचा, आणि त्याला बारावी सायन्स पास लागत होतं. आनंदानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं, "ऑक्टोबरला एकदा बसू दे. पास झाली तर शिकू दे. नायतर तुझ्या दादाला हो कळवायचा. मंग रडायचं नाय कुणी."

दुसऱ्या दिवशी देवपूजा झाल्यावर रंजितानं गाईड पुढ्यात घेतलं, पेन्सिलीनं पहिल्या उदाहरणातला आकडा खोडला आणि वर दुसरा लिहिला. मग खालचं उत्तर झाकायला त्यावर पोथीचं फडकं ठेवलं.

"हे कर."

समृद्धीनं सुरुवात झोकात केली आणि तिसऱ्या ओळीवर तिचं पेन थांबलं. पुढची ओळ तिला पाठ होती, पण या आकड्याची नव्हे. ती चिडली. आईला यातलं काय कळतं, असं म्हणाली. आकडे काय भाजीतलं मीठ आहे, वाटेल तेवढं टाकायला?

"मला कळत नाय म्हणूनच टाकते," रंजिता म्हणाली. "कळलं असतं तर तुला सोपे टाकले असते."

पण उत्तर बरोबर की चूक, हे कोण सांगणार? क्लासच्या सरांची फी एकदा भरून झाली होती, पुन्हा मागायला तोंड नव्हतं. रंजितानं तिचा मार्ग काढला. सकाळी सोडवायचं, कागद तिच्याकडे द्यायचा. दुपारी तेच गणित कोऱ्या कागदावर, न बघता. दोन्ही उत्तरं जुळली तर बरोबर धरायचं.

"आणि दोन्ही वेळा एकच चूक केली तर?" समृद्धीनं विचारलं.

"एकच चूक दोनदा करायची तर ती पण पाठ करावी लागंल," आई म्हणाली, आणि निकालानंतर पहिल्यांदा लेक हसली.

शेजारची जाऊ, शोभा, कुंपणावरनं हे सगळं बघत होती. तिनं एकदा टोमणा मारलाच. "रंजितावयनी, तुमीच बसा परीक्षेला. पोरगी ऱ्हाऊ दे, तुमी पास व्हाल."

रंजितानं पुढच्या उदाहरणातला आकडा खोडला. कागद मात्र दिवसेंदिवस जुळेनात. आषाढ तसाच गेला. श्रावणात दोनातलं एखादं जुळायला लागलं.

श्रावणी सोमवारची गोष्ट. दोरीला अर्धा किलोचा दगड, दोरी एक मीटर, दगड उभ्या वर्तुळात फिरतोय, सर्वांत वर असताना वेग चार, तर तिथं दोरीवर ताण किती? रंजितानं चाराचा दोन केला. का, तर आदल्या दिवशी वाढवला होता म्हणून आज कमी. यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं.

समृद्धीनं सोडवलं. उत्तर वजामध्ये आलं. तिनं खोडलं, पुन्हा सोडवलं, पुन्हा वजाच. दुपारी कोऱ्या कागदावरही वजा.

"जुळलं की," रंजिता म्हणाली.

"जुळलं, पण ताण वजा आलाय. दोरी ओढते ना आई, ढकलत नाय. मंग वजा कसा..."

ती उठून मागच्या अंगणात गेली. रंगाचा रिकामा डबा पडला होता, त्याच्या कडीला तिनं कपड्यांची जुनी दोरी बांधली, डबा निम्मा पाण्यानं भरला आणि जोरात डोक्यावरनं फिरवला. पाण्याचा थेंब पडला नाही. मग हळू फिरवला. डबा कसाबसा चढला, वर जायच्या आतच दोरी ढिली पडली आणि सगळं पाणी तिच्या डोक्यावरनं, वाळत घातलेल्या चादरीवर. कुंपणापलीकडे शोभा हातातलं काम टाकून उभी राहिली.

समृद्धी ओलीचिंब तिथंच उभी. "तो वर पोचतच नाय, आई. दोनच्या वेगानं पोचतच नाय. गणित तेच सांगत होतं मला, सकाळपासनं."

रंजितानं चादर काढून पुन्हा पिळली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती देवापुढे बसली, पोथी मिटलेलीच ठेवून नेहमीसारखी म्हणू लागली, आणि एका ओवीवर अडली. विसरली नव्हती. लग्नाआधीपासून म्हणत आलेली ओवी, पण ती ओवी म्हणते काय, हे तिनं देवाला किंवा कुणालाच कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तेवढ्या एका ओवीपाशीच ती उजाडेपर्यंत बसून राहिली.

फिजिक्सचा पेपर आला तो नवरात्रात. घरात घट बसलेले, दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून रंजिताला केंद्रावर जाता आलं नाही. समृद्धी देवीला आणि आईला नमस्कार करून एकटीच रिक्षात बसली. रंजिता दिव्यात तेल घालत राहिली, लागत नव्हतं तेव्हाही.

दुपारी पोरगी आली. कसा गेला, हे रंजितानं विचारलं नाही. तिला जेवायला वाढलं, उष्टं काढलं, मग प्रश्नपत्रिका मागून घेतली.

"म्हण."

समृद्धी आपण लिहिलेलं म्हणू लागली. रंजिताचं बोट प्रश्नावरनं सरकत गेलं आणि या खेपेला कुठं अडलं नाही. प्रश्नातला आकडा आणि पोरीच्या तोंडचा आकडा एकच होता. मग रंजितानं कोरे कागद पुढे केले. पोरगी थकली होती, तरी बसली. पहिलं उदाहरण जुळलं. दुसरं जुळलं. तिसरं जुळलं नाही.

समृद्धीनं कागद पुन्हा तपासला. "पेपरात घाईत वर्ग करायचा ऱ्हायला," ती हळूच म्हणाली.

चूक होती, पण ती तिची स्वतःची होती, गाईडमधली नव्हती. रंजितानं कागद घडी करून देव्हाऱ्यापाशी ठेवले.

संध्याकाळी आनंदानं सांगितलं की दीनानाथचा फोन आला होता. निकालाला अवकाश आहे आणि मुलाकडच्यांना दसऱ्यानंतर काय ते उत्तर हवंय. मग त्यानं बायकोला विचारलं, "व्हईल का पास?"

"ते बोर्डाला ठाऊक. पण आता तिला येतं."

"आणि नाय झाली तर?"

"परत बसंल. आपली बोली होती ती सोडा तुमी. न येणारीला परीक्षेला बसवली होती तवा मीच चुकले होते. येणारीला उठवायची कशाला?"

दीनानाथ वडीलधारा माणूस, त्याचा शब्द मोडायचा म्हणजे दसऱ्याचं सोनं द्यायला जायची वाट बंद व्हायची, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी आनंदा म्हणाला, "मी नाय सांगणार. तुझा भाऊ हाय, तूच सांग."

दसऱ्याला घट उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंजितानं घटातली माती तुळशीत घातली, हात धुतले, देवापुढचे कागद समृद्धीच्या हाती दिले, आणि दीनानाथदादाला स्थळ नको म्हणून सांगायला शिरढोणला निघाली.