गव्हाच्या मापट्यात उभा केलेला फोन

माझ्या तोंडाला आमच्या गावात सगळे भितात, हे आधीच सांगून टाकते. पिठाच्या गिरणीच्या आवाजात उभं आयुष्य बोलायचं म्हटलं की माणूस हळू बोलायचं विसरतो. त्यात माझा राग नाकाच्या शेंड्यावर. दळण जाडं आलं म्हणून कुणी तोंड वाकडं केलं की मी आधी त्याच्या ज्वारीतले खडे त्याच्याच तळहातावर ठेवते आणि मग तोंड सोडते. आमचे हे अगदी उलटे. ऊस, तंबाखू आणि गप्प बसणं, एवढ्यात त्यांचं भागतं.

गिरणी घराला लागूनच. श्रीगोंद्याच्या अलीकडं आमचं गाव, चारी बाजूंनी ऊस. आम्हाला एकच पोरगी. बीएस्सी झाली आणि पुण्याला पुढं शिकायचं म्हणून हट्ट धरून बसली. तिच्या आत्यानं नगरचं एक स्थळ आणलं होतं, पोरगा चांगला, नोकरीवाला. मी पोरीला म्हटलं, "प्रवेशपरीक्षा पास झालीस तर पुणं. न्हाई झालीस तर गुमान स्थळ बघायचं, मग रडायचं न्हाई." हे मी बोलले, तिच्या बापानं नाही. तिनं नुसती मान हलवली. बाकी सगळं माझ्या हातात होतं, तिच्या हातात तेवढी ती परीक्षा.

परीक्षा घरी बसून द्यायची होती. दोन पेपर, एक या रविवारी, एक पुढच्या. मला आधी वाटलं, घरी बसून म्हणजे काय, चहा पीत पीत द्यायची. पोरीनं समजावलं. समोर लॅपटॉप. त्याचा कॅमेरा तोंड बघणार. आणि बाजूनं एक फोन आडवा उभा करायचा, तो तिचे हात, टेबल आणि खोलीचं दार बघणार. तिकडं लांब कुणीतरी मॅडम बसून सगळं पाहणार. फोन मध्येच बंद पडला तरी पंचाईत, कुणाचा कॉल आला तरी पंचाईत. आणि खोलीत दुसरं माणूस शिरलं तर पेपरच रद्द होऊ शकतो.

घरात धड फोन एकच, माझा. म्हणून फोनची तयारी माझ्याकडं आली, आणि मी ती अंगावर घेतली म्हणजे काय विचारता! आधी आतली अडगळ काढली. सुप्रभातचे फुलाफुलांचे फोटो, कुणाकुणाच्या साखरपुड्याचे व्हिडिओ, ह्यांनी काढलेले उसाचे फोटो. एकाच उसाचे इतके फोटो कशाला लागतात, देव जाणे. पडदा आपोआप काळा व्हायचा, ते बंद केलं. पहाटेचा गजर काढला. कॉल येऊ नयेत पण वायफाय चालू राहावं अशी खूण असते, ती पोरीकडून शिकून घेतली. तरी माझा विश्वास बसेना. मग माहेरी, सासरी आणि दळणवाल्या बायकांना बजावलं, "रविवारी सकाळी मला फोन केलात तर याद राखा." एक बाई म्हणाली, "अगं, कुणी मेलं तर?" मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांबायला सांग."

राहिलं ते फोन उभा करायचं. पुस्तकांना टेकवला, घसरला. डब्याला टेकवला, आडवा झाला. चार्जरची वायर लावली की आणखी कलायचा. मग मला सुचलं. धान्य मोजायचं लाकडी मापटं गव्हानं काठोकाठ भरलं आणि त्यात फोन आडवा रोवला. जागचा हलेना! जरा इकडं वळवायचा तर वळतो, सोडला की तसाच राहतो. पोरीनं पुढचा कॅमेरा लावून पाहिलं, म्हणजे आपल्याला काय दिसतंय ते समोर दिसतं. हात दिसले, टेबल दिसलं, दार दिसलं. पोरगी हसली आणि म्हणाली, "आई, तू पण ना!" त्या दिवशी मी भाव खात घरभर हिंडले.

आता ऐका. रविवारी सकाळी लवकर अंघोळ करून मी देवापुढं दिवा लावला आणि त्या खोलीत गेले. टेबलावर नवं फडकं, त्यावर गव्हानं भरलेलं मापटं, त्यात उभा केलेला फोन. तुम्हीच सांगा, गव्हाचं माप भरून ठेवलंय आणि बाईमाणूस त्याला हळदकुंकू न लावता माघारी येईल? दसऱ्याला मी गिरणीला लावते, मोटारीला लावते, ह्यांच्या मोटरसायकलला लावते. पोरीच्या पहिल्या दप्तरालाही लावलं होतं. हात आपोआप करंड्याकडं गेला. तरी मी शहाणी! मनात म्हटलं, तोंडाला नको, कॅमेरा तोंडाशी असतो. पाठीला लावू. ओल्या बोटानं मापट्याला लावलं आणि मग फोनच्या पाठीला, वरच्या कोपऱ्यात, जिथं काळे गोल गोल डोळे असतात तिथं, भरून लावलं. हात जोडले. म्हटलं, बाबा, आता तूच बघ.

गिरणी त्या दिवशी बंद. पेपर सुरू व्हायच्या आधी मी दाराबाहेर स्टूल टाकून बसले, राखण करायला. ह्यांना ओसरीच्या कडेला बसवलं आणि बजावलं, "फोनला हात लावला न्हाई ना सकाळी? तुमच्या चुन्याच्या बोटांनी?" ते म्हणाले, "न्हाई गं." मला पटलं नव्हतं. आदल्या दिवशीच पावसाचा अंदाज बघायला त्यांनी फोन घेतला होता आणि सगळ्या काचेवर पांढरे ठसे उमटवून ठेवले होते.

आतून मॅडमचा आवाज यायला लागला. गोड, शुद्ध बोलत होत्या, पुण्याकडच्या असाव्यात. खोली दाखवा, टेबलाखाली दाखवा, कान दाखवा. तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावर डबा घेऊन दळणाला आली. मी तोंडावर बोट ठेवून, हातवारे करून तिला कशीबशी माघारी धाडली. त्या गडबडीत आत काय बोलणं झालं ते मला कळलंच नाही. पुढच्या कॅमेऱ्यातून चित्र अंधूक येतंय, फोन फिरवून मागचा कॅमेरा लावा, असं मॅडमनी सांगितलं होतं, हे मागाहून कळलं. मी कान दिला तेव्हा एवढंच ऐकू आलं, "सगळं धूसर दिसतंय. कॅमेऱ्यावर काही लावलंय का तुम्ही?"

झालं! अंगाचा तिळपापड झाला. चुना! पोरीनं एक फडकं घेऊन पुसून टाकलं असतं, संपलं असतं तिथंच. पण तेवढा धीर मला असता तर मी कसली? "तरी सांगत हुते ह्यांना!" असं ओरडत मी दार ढकललं आणि थेट आत. "लई वेळा सांगितलं, फोनला चुन्याची बोटं लावू नका म्हणून! पोरीच्या जल्माचं वाटोळं करा तुमी, तंबाखूपायी! अक्कल गहाण टाकली का काय!" असं सगळं ओसरीकडं तोंड करून ओरडत होते आणि पदरानं फोनची पाठ खसाखसा पुसत होते.

मग पदराकडं लक्ष गेलं. पदर पिवळा झाला होता आणि त्यावर लाल. अगं बया.

लॅपटॉपमधून मॅडमनी विचारलं, "या कोण आहेत?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं नाही. पडद्याकडं बघत म्हणाली, "शेजारच्या काकू आहेत, मॅडम. चुकून आल्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी मी मला लॅपटॉपच्या कोपऱ्यात दिसले. सुटलेले केस, लाल झालेलं तोंड, हातात पिवळा पदर. तिकडं शांत आवाजात बोलणाऱ्या बाईला हीच दिसत होती. मॅडम म्हणाल्या, "मी नोंद केली आहे. पुन्हा कुणी आत आलं तर पेपर रद्द करावा लागेल." मी "व्हय" म्हणायला तोंड उघडलं, आणि तेही मिटलं. माझं "व्हय" ऐकून पोरीला आणखी लाज वाटेल असं वाटलं. पाय न वाजवता बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

ओसरीवर हे तसेच बसले होते. सारं गाव ऐकेल असं मी त्यांना बोलले होते. जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "माझीच बोटं हुती का गं?"

मी म्हटलं, "न्हाई."

"आज सकाळपास्नं मळलीच न्हाई मी तंबाखू," ते म्हणाले. "म्हनलं, पोरीचा पेपर हाय." आणि त्यांनी दोन्ही हात पुढं करून मला दाखवले, शाळेत पोरं नखं दाखवतात तसे. स्वच्छ धुतलेले हात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. माफी मागायची मला सवय नाही. मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला, आणि चहा देतानाही त्यांच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नाही.

पेपर झाल्यावर पोरगी बाहेर आली. पाणी प्यायली. मग स्वतःच म्हणाली, "आई, घरातलं माणूस म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, घरचे मदत करतायत. म्हणून तसं म्हटलं."

मी म्हटलं, "बरं केलंस."

ती रागावली असती, दोन शब्द बोलली असती, तर मी चार बोलून मोकळी झाले असते. पण तिनं माझा पदर बघितला आणि म्हणाली, "हळदीचा डाग धुऊन निघत नाही, उन्हात घाल." तिच्या त्या "शेजारच्या काकू"मध्ये परीक्षेचा नियम किती होता आणि माझी लाज किती, ते तिचं तिलाच ठाऊक. मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली, खरं सांगते. आजवर लोक मला भीत होते, मी कुणाला नाही.

त्या आठवड्यात गिरणीवर मी कुणाशी भांडले नाही. बायका म्हणाल्या, तब्येत बरी नाही काय. एक दिवस मी तिच्या आत्याला फोन लावला आणि सांगितलं, "पोरगी पास होवो नाही तर नापास होवो, ते स्थळ राहू द्या." आत्या तडकली, मी ऐकून घेतलं. पोरीला हे सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

दुसऱ्या रविवारी फोनला मी हात लावला नाही. पोरीनंच मापट्यात गहू भरले, फोन रोवला, मागची काच चष्म्याच्या फडक्यानं पुसली. मी कुंकवाचा करंडा देवाच्या मागं ढकलून ठेवला आणि पेपरच्या वेळेला घराबाहेर पडले. बोळाच्या पलीकडं भाभीचं घर. भाभी म्हणजे आमची मुसलमान शेजारीण, माझ्याच वयाची, माझ्याशी भांडून न दमणारी गावातली एकटी बाई. मला ओट्यावर टेकलेली बघून म्हणाली, "काय गं, गिरणीचा भोंगा आज इथं कसा?"

"पोरीचा पेपर हाय. घरात माणूस नको," मी म्हटलं. बाकी काही बोलले नाही. मनात म्हटलं, शेजारचीच ना मी, मग शेजारीच बसते.

समोर आमच्या खोलीची खिडकी उघडीच होती. खोली दाखवायचं चाललं होतं. त्याच मॅडमचा आवाज, तसाच गोड. पोरगी फोन हातात धरून सगळीकडं फिरवत होती. भिंत, दार, टेबलाखाली. फोन खिडकीकडं आला आणि तिथंच थांबला. उठून पळावं तर तेही दिसणार.

"बाहेर कोण बसलंय?" मॅडमनी विचारलं. "त्याच ना, शेजारच्या काकू?"

पोरीनं "हो" म्हटलं की सुटली असती. भाभी माझ्याकडं बघायला लागली. मी मनातल्या मनात पोरीला म्हणत होते, म्हण, हो म्हण, माझे आई, पेपर जाईल तुझा.

"नाही मॅडम," पोरगी म्हणाली. "मागच्या वेळी मी खोटं बोलले. ती माझी आई आहे."

आणि पुढं म्हणाली, "ती आता आत येणार नाही."

मॅडमना उत्तर द्यायला किती वेळ लागला, कुणास ठाऊक. मला तर जन्म गेल्यासारखा वाटला. "ठीक आहे. खिडकी लावून घ्या," एवढंच त्या म्हणाल्या. पोरगी खिडकीशी आली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं. खिडकीची दारं लागली, कडी घातल्याचा आवाज आला.

मी पदर तोंडावर ओढून घेतला. तोच पदर, डाग काही गेला नव्हता. भाभीनं माझा खांदा हलवला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अगं येडे, पोरगी तुला आई म्हणाली! त्यात रडायला काय झालं?"

"हळू बोल," मी म्हटलं. "पेपर सुरू झालाय."