किटलीवाले डॉक्टर

निजामपुऱ्यातले आमचे हाडांचे डॉक्टर पेशंटचा हात बघण्याआधी त्याला चहा ओतायला लावत. टेबलावर ॲल्युमिनियमची भरलेली किटली असे. "सर, जरा दोन कप भरा," म्हणायचे आणि कपाकडे नाही, पेशंटच्या मनगटाकडे बघत राहायचे. पहिल्या भेटीत मी निम्मा चहा टेबलावर सांडला आणि वर "किटलीचा दांडा सैल आहे," असंही ऐकवलं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. फार वर्षांपूर्वी मुलांच्या सामन्यात अंपायर म्हणून उभा होतो. अंगावर आलेल्या चेंडूला घाबरून मागे पळालो आणि तळहातावर आपटलो. चेंडू मला लागलाही नाही. नुसतं मुरगळलंय, हे निदान मीच केलं आणि हळदीचे लेप लावत त्याला वर्षानुवर्षं चिकटून राहिलो. मनगटावरचा पट्टा बघून नवी मुलं मला जुना फास्ट बॉलर समजत. मीही कधी नाही म्हटलं नाही.

"मुरगळलेलं इतकी वर्षं दुखतं होय?" एक्स-रे उजेडात धरून डॉक्टरांनी विचारलं. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं काजूएवढं हाड तेव्हाच मोडलं होतं, आणि ते जुळलंच नव्हतं. त्याचे दोन तुकडे हलत राहिले आणि आजूबाजूचा सांधाही झिजला. "या हाडाला रक्त कमी पोचतं, वेळेवर प्लास्टर लागतं. तुम्ही भूगोलवाले ना? भेग तरी ओळखायची!"

"दुखतं ते सांगू नका, काय जमत नाही ते सांगा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी फळ्यावरचे नकाशे, पेपर तपासणं अशी भारदस्त कामं सांगितली. ते "और?" म्हणत राहिले. शेवटी मी हळूच म्हटलं, "ढोलकी." गणपतीत सोसायटीच्या आरतीला ढोलकी माझ्याकडे असते. आरती पुढे जाते, मी मागून गाठतो. पण वर्षभरात तेवढेच दिवस मला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. अख्खं मनगट सांधून टाकलं तर दुखणं बहुतेक जाईल, पण मनगट फळीसारखं ताठ होईल. नाहीतर मोडकं हाड काढायचं आणि शेजारची चार हाडं एकमेकांना सांधायची. मग निम्मी हालचाल उरेल, थोडं दुखणंही उरेल.

"अख्खंच सांधा, डॉक्टर," माझी बायको लगेच म्हणाली. "सगळी सोसायटी तुम्हाला दुवा देईल."

डॉक्टर हसले नाहीत. "वहिनी, ढोलकी गेली तर हे खाली उतरणार नाहीत. खिडकीतून आरती ऐकत बसतील. चालेल?"

बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "निम्मं ठेवा."

ऑपरेशन झालं. "भुलेत आरती म्हणत होतात, सर. अगदी तालात," डॉक्टरांनी नंतर सांगितलं. प्लास्टर निघाल्यावर व्यायामालाही किटलीच, आधी तळाशी थोडं पाणी, मग हळूहळू जास्त. मी घाई केली की म्हणायचे, "आराम से. ट्रेन पकडायचीय का?" त्या गणपतीत मी ढोलकी वाजवली. ताल पूर्वीसारखाच होता, म्हणजे मनगटाचा त्यात कधीच दोष नव्हता.

गेल्या वर्षी डॉक्टरांचेच हात थरथरू लागले. कोणी सांगायची वाट न बघता त्यांनी ऑपरेशनं थांबवली, आणि आता दवाखानाही बंद करणार असं कानावर आलं. भेटायला गेलो. या वेळी त्यांनीच माझ्यासाठी कप भरायला घेतला, तर किटलीचं झाकण खडखडायला लागलं. मी त्यांच्या हातातून किटली घेतली, माझ्या त्याच हातात. त्यांचा कप अर्धाच भरला, उचलताना हिंदकळू नये म्हणून.

त्यांनी कपाकडे पाहिलंच नाही. माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले, "जमतंय की, सर."

मी माझा कप भरायला घेतला. थोडा चहा टेबलावर सांडलाच.

"दांडा सैल आहे," मी म्हटलं.

"हो," डॉक्टर म्हणाले, "आधीपासूनच."