तिसऱ्यांदा मागे

चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरलं की आधी नजरेत भरते ती कोपऱ्यात टेकवलेली, माणसाहून उंच काळी पेटी. "यात काय हो?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की काच घासता घासता, मान वर न करता ते सांगतात, "म्हैस."

म्हैस म्हणजे त्यांचं वाद्य. व्हायोलिनच्याच जातीचं, पण उभं राहून वाजवायचं, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. दहा-बारा जणांच्या वाद्यवृंदात सगळ्यांच्या मागे ते ही म्हैस धरून उभे राहतात. वाद्यवृंद थोरल्या भावाने, दादांनी उभा केला. वाजवायचं ते एकाच संगीतकाराचं. तो जाऊन दोनशे वर्षं झाली असतील, पण सरावाच्या खोलीत त्याला घरच्यासारखं 'म्हातारा' म्हणतात.

समोर उभं राहून खुणा करणारा इथे कुणी नाही. पहिल्या खुर्चीवर दादा व्हायोलिन हनुवटीखाली धरून श्वास घेतात आणि त्या श्वासावर सगळे सुरू होतात. लहानपणी दादांशेजारी एका खाटेवर झोपलेल्या चष्मेवाल्यांना तो श्वास अंधारातही ओळखता येतो.

म्हाताऱ्याने प्रत्येक भाग दोनदा वाजवायला लिहिलाय. बाकीचे लोक कंटाळा करून एकदाच वाजवतात. दादांना ते खपत नाही. "दोनदा लिहिलंय ना? मग दोनदा!"

यंदा एका सरावात दादा एक भाग दोनदा वाजवून झाल्यावर तिसऱ्यांदा वाजवायला मागे, त्याच्या सुरुवातीला गेले. डॉक्टरीणबाई, म्हणजे दातांचा दवाखाना सांभाळून इथे चेलो वाजवणाऱ्या, ओरडल्या, "मास्तर, पुरे! म्हातारा थडग्यात उठून बसेल!" सगळे हसले, दादाही हसले. पुढच्या सरावात पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र दादा भडकले. "तुम्हीच एकदा गाळलंत! मला शिकवता?" त्या दिवशी कुणी हसलं नाही.

चष्म्याचा स्क्रू ढिला झाल्याचं निमित्त काढून वहिनी दुकानात आल्या.

"भाऊजी, गॅस चालू ठेवून फिरायला जातात. बोलायला जावं तर अंगावर येतात."

"डॉक्टरकडे नेऊ या, वहिनी."

"नेऊ. पण त्याआधी ती खुर्ची काढून घेऊ नका. तेवढ्यासाठी तर सकाळी उठतात. एवढा कार्यक्रम पार पाडा."

स्क्रू आवळायचा राहिलाच. वहिनी डोळे पुसत गेल्या.

पुढच्या सरावाला दादा हात धुवायला बाहेर गेलेले बघून चष्मेवाल्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "दादा मागे गेला तर आपणही मागे जायचं. ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"म्हणजे चुकायचं तर सगळ्यांनी मिळून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण कळणार कसं?"

"त्याचा श्वास मला कळतो. माझी म्हैस वळली की तुम्ही वळा."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. पहिला भाग सुरेख झाला. मग संथ भाग आला. एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. शेवटच्या स्वरावर दादांनी श्वास घेतला, नेहमीपेक्षा जरा लांब. चष्मेवाल्यांना वाटलं, हाच तो! त्यांनी म्हैस मागे वळवली. मेंढरं वळावीत तसे सगळे त्यांच्यामागून वळले.

पुढे गेले फक्त दादा.

तो श्वास पुढच्या भागाचाच होता. दादा बरोबर होते. एकटं व्हायोलिन क्षणभर सगळ्यांच्या विरुद्ध चालत राहिलं. मग ते थबकलं. दादांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, मागे पाहिलं, आणि चेहरा उतरलेला तो माणूस मुकाट्याने सगळ्यांबरोबर मागे आला. संथ भाग तिसऱ्यांदा वाजला. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

आतल्या खोलीत दादा व्हायोलिनच्या गजाचे केस सैल करत बसले होते. "चुकलो ना रे मी?"

दारातून वहिनी दिराकडे बघत होत्या. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं परस्पर मिटलं असतं. दादा आपण होऊन त्या खुर्चीवरून उठले असते, कुणाला वाईटपणा घ्यावा लागला नसता. तो 'हो' चष्मेवाल्यांच्या अगदी जिभेवर आला होता.

"नाही. तू बरोबर होतास, दादा. मी चुकलो."

"तू? आणि हे सगळे? एकाच वेळी?"

डॉक्टरीणबाई पुसलेल्याच तारा पुन्हा पुसू लागल्या. दादांची हयात नकाशे काढण्यात गेलेली. रेघ कुठून वाकडी झाली ते त्यांना दाखवावं लागत नसे.

"ठरवून केलंत," ते म्हणाले. "मी चुकणारच म्हणून." मग दाराकडे वळून म्हणाले, "घरीही असंच चालतं का गं?"

वहिनींनी घसरणारा चष्मा उगाच वर सरकवला.

"पुढच्या खेपेला त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवा," दादा म्हणाले. "माझ्या श्वासावर तुमचा भरवसा उरला नाही, तर मी तिथे बसून करू काय?" त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. एवढ्यात ते थांबले. "आज मी बरोबर होतो ना पण?"

"होतास."

जिन्यात, अर्ध्यावर, दादांनी भावाचा दंड धरला. "खरं सांग. बरोबर होतो ना?"

"होतास, दादा."

खाली फाटकाशी वहिनी रिक्षा थांबवत होत्या. आत बसता बसता दादा वळले आणि पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं म्हणाले, "अरे, मी आज बरोबर होतो का?"

चष्मेवाल्यांनी खांद्यावरची म्हैस सावरली आणि तिसऱ्यांदा सांगितलं.