खाटेवरून उठणारी लोखंडी माणसं

“वजन कुठल्या पायावर हाय?” हे भाईंचं वाक्य होतं. समोर माणूस असो, शेळी असो, नाहीतर भिंतीला टेकवलेली शिडी, ते मान वाकडी करून आधी खाली बघायचे आणि हे विचारायचे. दवाखान्याच्या पायरीशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यालाही त्यांनी विचारलं होतं. म्हातारा चिडला. “दोन्ही पायांवर हाय. तुला कावून पायजे?” ते म्हणाले, “दोन्हीवर कुनीच उभं राहत न्हाई बाबा. बघ की खाली.” म्हाताऱ्याने खाली बघितलं. खरंच त्याचा डावा पाय नुसता टेकलेला होता.

बाईमाणसाला मात्र ते असलं काही विचारत नसत. बाई समोर आली की त्यांची नजर जमिनीवर जायची आणि ती निघून जाईपर्यंत तिथेच राहायची. आम्हा बायकांना ते चपलांवरून ओळखायचे. मी नवी चप्पल घेतली तेव्हा दोन दिवस त्यांनी मला कुणी पेशंट समजून “डॉक्टर दहाला येतील” असं सांगितलं होतं.

आष्टीच्या एका दातांच्या दवाखान्यात मी झाडलोट करते. डॉक्टरांची हत्यारं धुऊन उकळते. भाई मागच्या खोलीत कवळ्या बनवायचे. सगळे त्यांना भाई म्हणायचे, मीही म्हणायचे. मेणात दात रोवायचा, साचा करायचा, गुलाबी मसाला भरायचा, घासायचा. वीस वर्षं हेच केलं. आजूबाजूच्या कितीतरी गावांतले म्हातारे त्यांच्या दातांनी भाकरी खात होते. मग डॉक्टरांनी नवं यंत्र आणलं. तोंडात एक नळी फिरवली की दाताचं चित्र शहरात जातं आणि तिकडून तयार दात येतो. भाईंचं काम संपलं. डॉक्टरांनी खोली मात्र काढून घेतली नाही. त्याच खोलीच्या आतल्या बाजूला भाईंचं घर होतं आणि घरात खाटेवर त्यांच्या बायको, भाबी होत्या.

अशा दिवसांत पुण्यात नोकरी करणारा आमच्याकडचा एक गृहस्थ दाढ दुखते म्हणून आला. तिशी उलटलेला माणूस. त्याने खिशातून कापसात गुंडाळलेला बोटाएवढा रोबोट काढला. त्याचा हात तुटला होता. दाढेपेक्षा त्याला त्या हाताचं जास्त दुःख होतं. भाईंनी दातांना लावायच्या, सुताएवढ्या बारीक तारेने तो हात बसवून दिला, आणि बसवताना तो थोडा वर उचलला. गृहस्थ बघतच राहिला. म्हणाला, “काका, हा आता जिवंत दिसतोय.”

तेव्हापासून डबे येऊ लागले. त्याच्यासारखीच मोठी माणसं होती, ती अवकाशातल्या लढाईचा खेळ खेळायची. त्यांचे रोबोट कारखान्यातून एकसारखे यायचे, शाळेत सावधान उभं राहिल्यासारखे. भाई ते बारीक करवतीने गुडघ्यात, कमरेत, मानेत कापायचे. दात कोरायच्या सुईने भोक पाडून तार घालायचे आणि हवे तसे वाकवायचे. मधे पडलेली फट पुट्टीने भरायची. एक पिवळी आणि एक निळी अशा दोन पट्ट्या असायच्या. मळल्या की हिरव्या व्हायच्या. त्या हिरव्या गोळ्यातून ते बोटं, नळ्या, खिळे कोरायचे. पुट्टी मळायचं काम माझ्याकडे आलं. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हाताला ते काय अवघड.

पण भाईंनी लढणारा माणूस कुठे बघितला होता? त्यांनी बघितली होती ती स्टँडवरची माणसं, उसाला निघालेली माणसं. त्यामुळे त्यांचा एक रोबोट बंदूक उसाच्या मोळीसारखी डोक्यावर घेऊन निघाला. दुसरा उकिडवा बसला, बंदूक मांडीवर आडवी. पुण्याहून फोन आला. भाई फोन मोठ्याने लावायचे, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

“काका, हा योद्धा आहे. हा एसटीची वाट बघत बसल्यासारखा दिसतोय.”

“मग? लढाईत मानूस बसत न्हाई का? थकला की बसतोच की.”

“रोबोट थकत नाही हो काका.”

“तुमी थकत न्हाईत का?” भाई म्हणाले. पलीकडचा माणूस हसला. पुढच्या डब्यात त्याने चिठ्ठी टाकली होती, की मित्रांनाही बसलेलेच हवे आहेत.

आता भाबींचं सांगते. अंगावरून वारं जाऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. हात मेला, पाय मेला, तोंड तेवढं शाबूत राहिलं. आणि तोंड असं की खाटेवरून सगळी गल्ली चालवायच्या. दवाखान्याचं आटोपलं की मी त्यांना आंघोळ घालायचे. मी गप्प राहणारी बाई, म्हणून त्यांना मी आवडायचे. “तुझ्यासारखी सून पायजे होती मला,” म्हणायच्या, “मी बोलले असते अन् तू ऐकलं असतंस.” रोबोट बघून म्हणायच्या, “क्या जी, त्या पुण्यावाल्याच्या बाहुल्याला चार हात लावले. मला एकच पायजे, तो न्हाई व्हय देत!” भाई खाली बघून हसायचे. पण त्या हसण्यानंतर ते बराच वेळ करवत हातात नुसती धरून बसायचे, हे मी बघितलं आहे. भाबींनी पुन्हा उभं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. स्वतःच्या पायाने खाटेपासून मोरीपर्यंत. चार पावलं.

एक दिवस त्यांनी सात रोबोट करायला घेतले. ते पुण्याला जायचे नव्हते. पहिला पाठीवर झोपलेला. दुसरा कुशीवर वळलेला. तिसरा कोपरावर. चौथा उठून बसलेला. पाचवा पाय खाली सोडून खाटेच्या काठावर. सहावा उठताना. सातवा उभा. माणसाच्या तोंडाची बाहुली धर्मात चालत नाही म्हणून त्यांच्या घरात ठेवत नसत, पण या लोखंडी माणसांना तोंडच नव्हतं, त्यामुळे भाबींचीही हरकत नव्हती. दर महिन्याला एक रोबोट खिडकीत ठेवायचा आणि भाबींनी त्याच्यासारखं करायचं. “हे बघ, हा असा वळतो. तू पन वळ.” भाबी शिव्या द्यायच्या आणि वळायच्या. पाचव्यापर्यंत पोहोचल्या. पाय खाली सोडून बसल्या त्या दिवशी त्यांनी मला चहा करायला लावला आणि बशी स्वतःच्या उजव्या हातात धरून प्यायल्या. सांडला, पण प्यायल्या.

सहावा भाईंना जमेना. बसलेला माणूस माहीत, उभा माहीत, पण मधला क्षण पकडता येईना. ते स्वतः उठून बघायचे, पण स्वतःचे पाय स्वतःला नीट दिसत नाहीत. शेवटी भाबीच म्हणाल्या, “हिला उठायला लावा. बाईची उठायची तऱ्हा येगळी असती.” भाईंचे कान लाल झाले. माझेही झाले असतील. मग तोडगा भाबींनीच काढला. दोरीवर पांढरी चादर टाकायची. मी पलीकडे, पश्चिमेच्या खिडकीकडे. उन्हं कलली की माझी सावली चादरीवर पडेल. भाई फक्त सावली बघतील.

तसं झालं. मी चादरीकडे कूस करून स्टुलावर बसले, डावा हात पदरात गुंडाळून, डावा पाय मेला आहे असं समजून. “उठ ताई, हळू. आता थांब. हलू नको,” भाई चादरीपलीकडून म्हणायचे आणि भाबी म्हणायच्या, “अगं श्वास तरी घे!” मी उजवा पाय मागे, स्टुलाखाली ओढून घेतला होता, कारण उठताना भार मागच्या पायावरच येतो. मेलेला डावा पुढे लांब टाकला होता. अर्धी उठून मी थरथरत थांबले. इतकं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं आणि मी कुणाला दिसतही नव्हते. खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी सहावा खिडकीत होता. फार सुंदर झाला होता. पण पाय उलटे होते. डावा मागे ओढलेला आणि उजवा पुढे. सावलीला डावं-उजवं नसतं. धरून मोरीत नेताना भाबींचा मेलेला पाय नेहमी मागे फरफटायचा, म्हणून भाईंना वाटलं असणार की मागचा तोच.

मला बघताक्षणी कळलं. मी बोलले नाही. काय म्हणणार होते? भाई, तुम्ही माझे पाय चुकीचे केलेत? माझे पाय, हा शब्द मला परक्या पुरुषासमोर उच्चारता येत नव्हता. शिवाय ते वीस वर्षांचे कारागीर, मी चौथी शिकलेली. मला वाटलं, भाबींना आंघोळ घालताना हळूच सांगू. पहिल्या दिवशी त्यांची बहीण कड्याहून आली होती. दुसऱ्या दिवशी भाबींचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं आणि त्या म्हणाल्या, “काय गं, आज बोलतीस की काय?” आणि हसल्या, आणि माझं राहूनच गेलं. महिनाभर भाई धरूनच करून घेतील, असं मी मनाला समजावलं.

पाचव्या दिवशी भाई पुट्टीचं पार्सल आणायला गेले होते. ते येतील तेव्हा आपण उभ्या दिसावं, असं भाबींना वाटलं असणार. मी बाहेर हत्यारं उकळत होते. आवाज आला. आत गेले तर भाबी फरशीवर, डावा पाय खाली मुडपलेला. त्या मला म्हणाल्या, “तसंच केलं गं मी. बघ, अगदी तसंच केलं.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर त्या पहिल्या रोबोटासारख्याच पडून राहिल्या. तोंडही हळूहळू बंद झालं. तीन महिन्यांनी गेल्या.

भाईंनी खाणं सोडलं. पुण्याचे डबे न उघडता पडले. ते दिवसभर सहावा हातात घेऊन बसायचे, उन्हात धरायचे, फिरवायचे, पायांकडे बघायचे. त्यांच्या गालाची हाडं वर आली. मी भाकरी झाकून ठेवायचे, ती सकाळी तशीच उचलायचे.

एका दुपारी ते म्हणाले, “ताई, त्या दिवशी कशी उठली होतीस, परत दाखव.”

चादर नव्हती. दोरीही काढलेली होती. मी स्टुलावर बसले आणि मान वर केली, तर ते माझ्याकडे बघत होते. सरळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे घारे आहेत, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, मी आता उजवा पाय मागे घेतला तर हा माणूस याच खोलीत मरून पडेल.

मी डावा पाय मागे ओढला. उजवा पुढे टाकला. उठले. माझे दोन्ही पाय धड, मला काय, मी कशीही उठले असते.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग हातातल्या रोबोटाकडे बघितलं. खांदे खाली आले.

“म्हंजे मी बरोबरच केलं होतं.”

मी हो म्हणून मान हलवली.

“मग तिचंच चुकलं,” ते म्हणाले. “लई उतावळी होती. सांगितलं होतं, मी आल्याबिगर उठू नको.”

त्या संध्याकाळी ते जेवले. भाकरी पुरी खाल्ली, आणखी मागितली. मी वाढली. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं.

पुढे ते सगळ्यांनाच सांगू लागले. डॉक्टरांना, दुधवाल्याला, फोनवर पुण्याच्या माणसाला. “तिनं ऐकलंच न्हाई. उतावळी.” सांगताना हात कपाळाशी नेऊन सोडून द्यायचे, आवाजात थोडा राग असायचा, आणि त्या रागावर ते जगत होते. भाबींच्या बहिणीलाही सांगितलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “लहानपनापासून तशीच होती.” मी तिथेच फरशी पुसत होते. तीच फरशी. मला वाटलं, आत्ता बोलावं. खरं सांगितलं तर भाई गेले आणि नाही सांगितलं तर भाबी दुसऱ्यांदा पडतात. मी पुसतच राहिले. मी त्या दिवशी भाईंना वाचवलं की स्वतःला, हेही मला नीट सांगता येत नाही.

या उन्हाळ्यात त्यांची बाहेरगावी दिलेली मुलगी त्यांना न्यायला आली. मी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेले. मुलगी पुढे बायकांच्या सीटवर बसली, भाई मागे खिडकीशी बसले. शेजारी एक अनोळखी बाबा होते, त्यांनी विचारलं असेल, एकटेच का. गाडी सुरू व्हायच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. पण भाईंचा हात हललेला दिसला, तसाच कपाळाशी नेऊन सोडून दिलेला, आणि ते बाबा हळहळून मान हलवू लागले.

गाडी निघाली. मी पिशवी त्यांच्याकडे द्यायची विसरले होते. ती घेऊन मी थोडं अंतर पळाले. हाक मात्र मारली नाही.