पेपरोमियाची नऊ बाळं

आमच्या पेपरोमियाला नऊ बाळं झाली, ही बातमी सोसायटीत मीच पसरवली.

पेपरोमिया म्हणजे वीतभर उंचीचं शोभेचं झाड. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, सुरकुतलेली गर्द हिरवी पानं. ते मूळचं ऑफिसातल्या आमच्या मॅडमचं. पुण्यातल्या कंप्युटर कंपन्यांमधून तेव्हा जो तो अमेरिकेला निघालेला असायचा. मॅडमही पाच महिन्यांसाठी निघाल्या आणि टेबलावरची कुंडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे जगवा. आल्यावर मला तिकडे पाठवायच्या पुढच्या माणसाचं नाव कळवायचंय. तुमचं डोक्यात आहे." या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. तो मी लावला.

मग मी त्या झाडाचं जे केलं, ते कोणी जावयाचंही करणार नाही. पूर्वेची खिडकी, पण ऊन पडद्याआडून. नळाचं पाणी थेट द्यायचं नाही. खडकवासला धरणाचं ते पाणी आधी रात्रभर बादलीत ठेवायचं (म्हणजे त्यातलं औषध उडून जातं). रोज सकाळी मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. दर रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं.

"अहो," सुनीता, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली, "आपल्या चिन्मयच्या कपाळाला हात लावून ताप तरी कधी बघितलात का?"

झाड मात्र असं फुललं की पाहत राहावं! घरी येईल त्याला मी चहाच्या आधी कुंडीपाशी नेत असे. गॅसवाल्यालाही नेलं होतं.

एकदा पाहुणे गेल्यावर आईने चिन्मयची दृष्ट काढली. कसबा पेठेतल्या आमच्या जुन्या घरी शेगडी होती तेव्हाची तिची सवय. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या आणि विस्तवात टाकायच्या. फ्लॅटमध्ये शेगडी कुठली? तिने तवा लाल होईपर्यंत तापवला आणि त्यावर टाकल्या. घरभर धूर झाला. मी कुंडी छातीशी धरून गॅलरीत पळालो. (चिन्मय आतच राहिला. हे सुनीता अजून सांगते.)

"आई, यापुढे घरात धूर नको. पानं गुदमरतात."

"बरं," आई म्हणाली. आई इतक्या सहज 'बरं' म्हणते तेव्हा सावध व्हायला हवं, हे मला पस्तिसाव्या वर्षीही कळलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी कुंडीच्या कडेने कोंब वर आले. मोजले, नऊ! प्रत्येकाला दोन इवलीशी पानं, आणि तीही हुबेहूब बदामाच्या आकाराची. माझ्या हातून घरी बियांपासून पेपरोमिया उगवला होता. मी पेढे आणले.

कोंब एकेक करून आइस्क्रीमच्या कपांत लावले आणि वाटले. सहा सोसायटीत, दोन ऑफिसात, एक थेट आमच्या डायरेक्टरांच्या टेबलावर. सोबत मी टाइप केलेली तीन पानी सूचनापत्रिका. खालच्या मजल्यावरच्या पेंडसेकाकांनी ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली.

पुढे महिन्याभराने ते जिन्यात भेटले. "अहो, नवी पानं आईसारखी दिसत नाहीत. कातरलेली आहेत."

"होतं असं, काका. लहानपणी मुलं आईवर असतात, मोठेपणी वडिलांवर जातात."

"अस्सं," काका म्हणाले. "वडील कुठे असतात?"

मॅडम परत आल्या आणि कुंडी न्यायला आमच्या घरी आल्या. मी बियांवर बोलत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात पेंडसेकाका, हातात कुंडी, कुंडीत कमरेएवढं झाड. त्याला वर पिवळी फुलं आणि खाली वाळलेल्या शेंगा.

"तुमचं बाळ वयात आलंय," काका म्हणाले. "एक शेंग आमच्या हिने चावून पाहिली. मोहरी आहे."

"असणारच," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "मीच टाकली."

ती हात पुसत बाहेर आली.

"येईल त्याला तू झाड दाखवायचास. दृष्ट नाही लागणार? मी काढत होते. पण काढून झाल्यावर मोहऱ्या टाकायच्या कुठे? विस्तव तू बंद केलास. मग कुंडीतच टाकल्या. मीठ नाही हं घेतलं. मिठाने झाड मरतं, एवढं कळतं मला."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. मॅडमनी मात्र कुंडी उचलली, गोल फिरवून पाहिली. "दिलं होतं त्याच्या दुप्पट झालंय," त्या म्हणाल्या. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तसा पहिल्या पगारालाही वाटला नव्हता.

"आणि तुमचं नाव मी कालच कळवलंय. 'प्रोग्रॅममधली बारीकशी चूकही यांच्या नजरेतून सुटत नाही', असं लिहिलंय." त्यांनी काकांच्या हातातल्या मोहरीकडे पाहिलं. "तेवढं वाक्य आता काढून घेते."

मी अमेरिकेला निघायच्या दिवशी पेंडसेकाका वर आले आणि माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. "तुमच्या बाळाची. तिकडे फोडणीला होईल."

मी ती नेली. अमेरिकेत स्वतः केलेल्या पहिल्या पिठल्यात गुठळ्या झाल्या, मीठ दोनदा पडलं, खालून लागलं. मोहरी मात्र अशी तडतडली की मी ताठ मानेने जेवायला बसलो. अख्ख्या पिठल्यात तेवढीच एक गोष्ट नीट जमली होती, आणि तीही मी पेपरोमिया समजून वाढवलेली!